ज्या साली काकवीच्या बाटल्या फुटल्या

आमच्या गुऱ्हाळाबद्दल मी आजवर जे जे सांगितलं त्यातलं निम्मं खोटं आहे, हे आधीच कबूल करतो. कुठलं निम्मं ते विचारू नका, आता माझं मलाही नक्की आठवत नाही. माकणीच्या धरणाचं पाणी पिऊन एके साली आमचा ऊस इतका उंच गेला की शेंड्याच्या वाढ्यावर बसलेल्या कावळ्याला खाली बघून चक्कर आली, हे मी शंभर जणांना सांगितलंय आणि त्यातल्या चौघांनी ते खरं मानलंय. काकवीच्या वासावर मुंग्या थेट कर्नाटकातनं चालत येतात आणि आमच्या बांधावर कानडीत भांडतात, हेही माझंच. पण इथं लिहितोय ते त्यातलं नाही. वाढवून सांगण्यासारखं यात काही सापडतंय का ते मी पाहिलं. नाही सापडलं.

गुऱ्हाळ म्हणजे काही कारखाना नव्हे. बांधावर दोन लिंबाची झाडं, त्यांच्यामध्ये भूकंपानंतरच्या तात्पुरत्या शेडचे उरलेले पत्रे, पत्र्याखाली जमिनीत खणलेलं चुलवण, त्यावर दहा माणसं आत बसून जेवतील एवढी लोखंडी काहील, आणि बाजूला विजेवरचा चरक. चरकातनं रस काहिलीत येतो. खालून, पिळून वाळवलेल्या उसाच्या चिपाडाचा जाळ. वर येणारी मळी झाऱ्यानं काढत राहायची, ठेचलेल्या भेंडीचं पाणी टाकलं की राहिलेली घाणही फेसाबरोबर वर येते. रस पिवळा होतो, मग तांबूस, आणि आटता आटता एका घडीला तो रस राहत नाही, काकवी होते. तिथं जाळ ओढून काढायचा. पुढं आटवत राहिलं तर गूळ.

गूळ चुकला तर लोक सांभाळून घेतात. मऊ पडला तर पोळीला बरा म्हणतात, कडक झाला तर टिकतो म्हणतात. काकवी सांभाळून घेऊ देत नाही. जाळ आधी ओढला तर ती पातळ राहते आणि आठ-दहा दिवसांत आंबते. उशिरा ओढला तर बाटलीत कण धरून बसते, उलटी केली तरी पडत नाही. ही घडी ज्याला दिसते त्याला गुळव्या म्हणतात. आमच्याकडं ते माझे थोरले भाऊ, दादा.

दादा काहिलीच्या काठाला उभे आणि मी खाली चुलवणाच्या तोंडाशी, अशी आमची बावीस वर्षं गेली. माझी कामं दोन. चिपाड सारायचं आणि बोलायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, हा माणूस करमणूक म्हणून बोलतोय. दादांचा हिशेब वेगळा होता. मी बोलत असलो की माझा हात एका तालात चालतो, चिपाड बेतानं आत जातं, जाळ एकसारखा राहतो. मी गप्प बसलो की माझं लक्ष उडतं आणि मी कवळाभर, कवेत मावेल तेवढं, चिपाड एकदम कोंबतो. म्हणून मी थांबलो की वरून आवाज यायचा, "का गप बसलास? जाळ वाढला."

बावीस वर्षांत ते माझ्या एकाही गोष्टीला हसले नाहीत. एकदा फक्त विचारलं होतं, "मग त्या कावळ्याचं काय झालं?" मी चुलवणात पडायचा राहिलो, इतका हरखलो. तर म्हणाले, "अजून मळी यायलीय. तेवढा येळ काढ."

आणि ती घडी आली की एकच शब्द. "वढ." मी ओढायचो. तेवढंच शिक्षण. तुम्हाला कसं कळतं, असं मी विचारलं की म्हणायचे, "तू जाळ बघ."

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी दादा उसात पाणी द्यायला गेले आणि पाटातच आडवे झाले. मला सापडले तेव्हा पाणी त्यांच्या अंगावरनं दुसऱ्या सरीत चाललं होतं. शेजाऱ्याच्या जीपमधनं लातूरला नेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

मला काही वाटलं नाही. नीट सांगायचं तर वाटायला पाहिजे हे ध्यानात होतं, मी वाटही बघत होतो. दवाखान्यातल्या बाकड्यावर मी चार वेळा चहा प्यालो, दोन वडापाव खाल्ले, आणि वडापाव चांगला होता. चुलवणापुढं उकिडवं बसून पाय बधिर होतो, हात लावला तर आपलाच आहे हे कळतं पण तो आपल्याला ओळखत नाही, तसा मी सबंध होतो.

गावाला माझ्याकडनं मोठ्या अपेक्षा होत्या. आमच्या गल्लीत एक म्हातारे आहेत, सगळ्या गावाचे मामा. मोसमात रोज रस प्यायला आणि वर्षभर टोमणे मारायला येतात. ते दवाखान्यात आले, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "एरवी काटा मोडला तर तीन गावं गोळा करतूस. आता डोळ्यात टिपूस न्हाय व्हय रं?"

"ठिवलाय राखून मामा," मी म्हणालो. "एकदम काढला तर लातूरला पूर येईल."

आजूबाजूचे हसले. मामाही हसले. मी त्यांचे दात बघत होतो.

दादांना घरी आणलं. पुढच्या खोलीत कॉटवर. ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. वैनी त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवायच्या, थोड्या वेळानं बघावं तर मान पुन्हा भिंतीकडं. मी रोज सकाळी जायचो, दारात उभा राहायचो, त्यांच्या पायांकडं बघून "बरं हाय का दादा?" म्हणायचो आणि निघायचो. पायांना दोन महिने विचारपूस केली मी. वर बघितलं नाही.

दिवाळी झाली. ऊस तोडणीला आला. एके दिवशी दुपारी वैनी शेतात आल्या. त्या सहसा शेतात यायच्या नाहीत, दादांना सोडून.

"काय करलालाव भावजी?"

"काय न्हाय. औंदा ऊस कारखान्याला घालावा म्हणतो."

"चुलवण पेटवा," त्या म्हणाल्या.

"वैनी, गुळव्या कुठाय?"

"तुमी हाव की. बावीस वर्सं काय माशा मारलाव व्हय तिथं?"

मी काहीतरी विनोद करणार होतो. त्यांनी करू दिला नाही. बांधावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडं बघून बोलल्या. "मला काकवी नको, गूळ नको. डाक्टर म्हणत्यात त्येन्ला ऐकू येतंय. ऐकू तर म्हशीला बी येतंय. हात-पाय न्हाय फिरले तरी म्या करीन सगळं, हागणं-मुतणं करीन, जलमभर करीन. पण ते आत हायत का न्हाईत, एवढं मला कळू द्या. म्या कुणाचं करलालीय ते तरी कळू द्या. चुलवण पेटलं, वास नाकात गेला, तर कळंल."

"जमंल की," मी म्हणालो.

माझ्या सगळ्या थापांत सगळ्यात लहान थाप हीच. दोन शब्दांची.

मार्गशीर्षात पहिलं आधण लावलं, काहीलभर रस चढवला. शेतीची वीज त्या आठवड्यात दिवसपाळीला होती. चुलवणापुढं नारळ फोडला, ओंजळभर रस जाळात टाकला, जसं दादा टाकायचे. चुलवणाच्या तोंडाशी मामांना बसवलं आणि मी वर काहिलीच्या काठाला जाऊन उभा राहिलो. मोबाईलवरनं एक थर्मामीटर मागवला होता, तो पहिल्याच तासात माझ्या हातातनं फरशीवर पडून फुटला. काहिलीत पडला असता तर आख्खं आधण ओढ्यात ओतावं लागलं असतं, एवढंच काय ते समाधान.

रस पिवळा झाला. तांबूस झाला. फेस वर आला, बसला. मला वाटत होतं की आता आतनं काहीतरी सांगेल, इतक्या वर्षांचं काहीतरी अंगात मुरलं असेल. मी वाट बघितली. काही आलं नाही. काहिलीत काहील दिसत होती आणि रसात रस.

"झालं का रं?" मामांनी खालून विचारलं.

"झालं."

का म्हणालो? त्यांनी विचारलं म्हणून म्हणालो. मामांनी जाळ ओढला. पुण्याची गिऱ्हाइकं काचेची बाटली मागतात, म्हणून चाळीस बाटल्या भरल्या, बुचं घट्ट बसवली आणि घरातली सगळ्यात थंड जागा म्हणून दादांच्या खोलीत, कॉटच्या समोरच्या भिंतीला लावून ठेवल्या. वैनींनी एक बाटली उघडून दादांच्या नाकाशी नेली. भिंतीकडची मान हलली नाही.

दहाव्या दिवशी भर दुपारी वैनी आणि मी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, मामा ओट्यावर डुलक्या देत होते. आत फाट्दिशी आवाज झाला. मग आणखी एक. मग एकामागोमाग एक. मामा उठून ओरडले, "तेरखेड्याचा फटाक्याचा ट्रक उलटला रं दारात!"

आम्ही आत पळालो. काकवी आंबली होती आणि आता बुचं मोकळी होत होती. जी बुचं निघत नव्हती त्यांच्या बाटल्याच फुटत होत्या. कॅलेंडरवर काकवी, तुळजाभवानीच्या तसबिरीवर काकवी, आढ्याला काकवी. वर पंखा चालू होता. काकवी पंख्याच्या पात्यांवर उडाली आणि पंख्यानं ती लग्नात गुलाबपाणी शिंपडावं तशी सगळ्या खोलीभर, आमच्यावर, दादांच्या अंगावर, सारखी वाटून दिली. हे एवढं मी वाढवलेलं नाही. त्या पंख्याला अजून हात चिकटतो.

काचा कॉटपर्यंत आल्या नाहीत, नशीब. दादांच्या कपाळावर काकवीचे दोन ओघळ होते आणि त्यांनी मान वळवली होती. भिंत सोडून ते बाटल्यांकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं असावं. मी पंख्याकडं बघत होतो.

"बघितलं!" वैनी ओरडल्या. "भावजी, त्येनी बघितलं!"

"बाटली फुटल्यावर मेलेलं माणूस बी बघंल सूनबाई," मामा म्हणाले.

"मामा, तुमी तोंड धुवा आधी. दाढीला लागलीय." वैनींनी दादांचं कपाळ पुसलं आणि पुसता पुसताच मला सांगितलं, "दुसरं आधण लावा. त्येन्ला तिथं न्यायचं."

गावात मी आता असं सांगतो की ते सगळं मी मुद्दाम केलं. पातळ काकवी ठरवून काढली, ठरवून त्याच खोलीत ठेवली, कारण मला ठाऊक होतं की खराब काकवीसारखी दुसरी कुठली गोष्ट दादांना उठवणार नाही. लोक मान डोलावतात. फार हुशार माणूस म्हणतात. इथं लिहून ठेवतो की मला काहीही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दादांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून गुऱ्हाळावर नेलं. पुढं कलू नयेत म्हणून वैनींनी त्यांच्याच उपरण्यानं त्यांना खुर्चीला बांधलं. डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला. दादा काहिलीकडं बघत राहिले, आणि आम्ही सगळे त्यांच्या त्या हाताकडं. पाच-पंचवीस माणसं जमली होती. बावीस वर्षांत आमच्या काकवीला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. मामा चुलवणाशी, मी काठावर, वैनी खुर्चीमागं.

रस तांबूस होऊन बराच वेळ झाला. मला वाटायला लागलं की दाट होतेय. पण मला काय वाटतं त्याला आता काय किंमत होती? चाळीस बाटल्यांएवढी. मी झारा फिरवत राहिलो. आणि मग डावा हात खुर्चीवरनं वर आला. वीतभर.

"हात!" वैनी किंचाळल्या.

मामांनी जाळ ओढला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. वैनी सगळ्यांना वाटीवाटी रस देत फिरत होत्या आणि प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "आत हायत ते. बघितलाव ना? आत हायत."

मला आनंद झाला नाही. मी काहिलीच्या काठाचा गार झालेला थर खरवडत होतो. तो नखाला कडक लागला. मी खरवडलेलं चुलवणात टाकलं.

चार दिवसांनी बाटलीत कण दिसायला लागले. सहाव्या दिवशी वैनींनी दादांच्या कॉटजवळ एक बाटली उलटी केली. काही पडलं नाही. हलवली. ठोकली. मामा दारात होते, म्हणाले, "आता करवत आणा."

"थंडीनं झालं असंल," मी म्हणालो. "औंदा थंडी लई हाय. काल तर माझी सावली बी गोठली होती बांधावर."

कुणी हसलं नाही. दादांनी डाव्या हाताचं एक बोट बाटलीच्या तोंडात घातलं, कण बाहेर काढले, कॉटच्या लोखंडी पट्टीवर चोळले. चरचर आवाज आला. मग डोळे मिटले आणि मान भिंतीकडं गेली.

वैनी माझ्यामागं अंगणात आल्या. रडत नव्हत्या. "कळलं मला," म्हणाल्या. "बोट तर पोरगं बी घालतंय बाटलीत. काकवी कळणारा आत कोण न्हाय. हात नुसता उडला."

"वैनी, थंडी खरंच—"

"भावजी, माज्याशी नका." मग म्हणाल्या, "ती काहील देऊन टाका कुणाला तरी. अंगणातनं दिसती. मला बघवत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काहिलीचंच बोलायला गेलो. एक गिऱ्हाईकही मनात धरलं होतं. दारात उभा राहिलो, नेहमीसारखा खाली बघत. वैनी दादांना बशीनं चहा पाजत होत्या. मला दादांचे पाय दिसत होते, कॉटची कड आणि वैनींच्या हातातली बशी. बशी वर जायची, थांबायची, खाली यायची. एक थेंब सांडत नव्हता. पहिल्या महिन्यात दादांचा प्रत्येक सदरा छातीवर तपकिरी झालेला असायचा, ते मला आठवलं.

"आता सांडत न्हाय व्हय चहा?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"आता कळतंय मला, कवा थांबायचं ते."

"कसं?"

"डोळ्यावरनं. त्येन्ला पुरं झालं की डावा डोळा बारीक होतो. आधी म्या हाताची वाट बघायची, हातानं बशी ढकलत्याल म्हणून. हात येतो की. पण लई मागनं येतो. डोळ्यानं सांगितल्यावर म्या बशी खाली ठिवती, तोंड पुसती, सदऱ्याची गुंडी लावती, तवा कुठं हात वर येतो. तवर थांबलं तर सगळा चहा अंगावर."

त्या बोलत होत्या आणि बशी विसळत होत्या. मी तिथंच उभा.

"आन गुऱ्हाळावर," मी म्हणालो, "तुम्ही त्येंच्या मागं हुब्या होतात."

"व्हय. का?"

"आन मी हाताकडं बघत होतो. समदे हाताकडंच बघत होते."

वैनींच्या हातातली बशी थांबली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाणी नको, चहा पुरं, एवढं तर वासराला बी कळतंय भावजी. त्येनं काय हुतंय?"

"वासराला काकवी कळत न्हाय," मी म्हणालो. "काहील राहू द्या."

तिसऱ्या आधणाला माणसं बोलावली नाहीत. दादा, वैनी, मामा आणि मी. चरकात ऊस घालून झाल्यावर मामा बाजूला बसले. वैनी झारा घेऊन मळी काढायला काठावर. मी खाली चुलवणाच्या तोंडाशी, माझ्या जागेवर. खुर्ची अशी ठेवली की दादांना काहील दिसावी आणि मला दादा.

आता बघावंच लागणार होतं. चुलवणावरची नजर काढून मी वर मान केली.

दोन अडीच महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचं तोंड नीट बघितलं. उजवा गाल खाली उतरला होता, पिशवीतला जिन्नस काढून घेतल्यावर ती लोंबते तसा. ओठाच्या कोपऱ्यातनं लाळ येत होती. दाढी वैनींनी केलेली होती आणि हनुवटीखाली थोडी राहिली होती. डावी बाजू मात्र जशीच्या तशी. मधोमध रेघ मारावी आणि एकीकडं दादा, एकीकडं दुसरं कुणीतरी. मी बघत होतो. छातीत काही झालं नाही. लाळ पुसायला पाहिजे, एवढंच वाटलं. पण हात चिपाडात होते.

"भावजी, जाळ वाढला," वैनी म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा, "भावजी, अहो, उतू जाईल."

मग माझ्या ध्यानात आलं की तास झाला, मी तोंडातनं शब्द काढलेला नाही. कवळाच्या कवळा कोंबत होतो.

मी बोलायला लागलो. काय बोलावं सुचेना, म्हणून बाटल्यांचंच सुरू केलं. "दादा, तुम्हाला सांगितलं न्हाय, त्या दिवशी एक बूच खिडकीतनं गेलं ते थेट सास्तूरला. तिथं एका बैलगाडीच्या चाकात घुसलं. बैल थांबले. गाडीवान म्हणतो, का थांबलाव रं? तर बैल चाक चाटलालेत." मी हे रेशनच्या दुकानात यादी वाचावी तसं बोलत होतो, खालीवर नाही, रंग नाही. "चाटून चाटून चाकाची लोखंडी धाव झिजली. गाडी एका अंगाला कलली. गाडीवानाला वाटलं पुन्हा भूकंप आला, तो पळत सुटला, त्याच्यामागं गाव..."

मामा खो खो हसले. दादा हसले नाहीत. माझा हात तालात आला होता, चिपाड बेतानं आत चाललं होतं.

मी अर्ध्या गावाला पळवून माकणीच्या रस्त्याला लावलं होतं, तेवढ्यात दादांचा डावा डोळा बारीक झाला.

"वढतो!" मी ओरडलो आणि जाळ बाहेर ओढायला लागलो.

"अजून पातळ हाय!" वैनी वरून म्हणाल्या.

"अरं थांब की, परत पंख्याला पाजतूस का काय?" मामा उठून आले.

मी थांबलो नाही. निखारे बाहेर, जळकं चिपाड बाहेर, चुलवणाच्या तोंडात पाणी. धूर कोंडला, चौघंही खोकलो. काहिलीतला फेस हळूहळू बसला. आम्ही तिघं खुर्चीसमोर उभे राहिलो.

बऱ्याच वेळानं डावा हात वर आला. वीतभर. दादांनी चुलवणाच्या तोंडाकडं बघितलं. तिथं जाळ नव्हता, आधीच ओढलेला होता. हात तसाच वर राहिला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, मीही बघत होतो, आणि हात खाली गेला.

वैनी खुर्चीजवळ खाली बसल्या. मग उठून झारा धुतला.

बाटल्या पुन्हा त्याच खोलीत ठेवल्या. या वेळी बुचं सैल. वैनी रोज सकाळी एक बाटली दादांसमोर तिरकी करायच्या. आठवा दिवस गेला, दहावा गेला. फुटली नाही, कण धरला नाही. विसाव्या दिवशीही बाटली तिरकी केली की काकवी एका लांब तांबूस धारेत ताटलीत उतरत होती, मधे तुटत नव्हती. वैनींनी ती ताटली दादांच्या समोर धरली आणि म्हणाल्या, "आलाव व्हय? लई येळ लावलाव." मग स्वयंपाकघरात जाऊन त्या रडल्या. आवाज बाहेर येत होता.

मामांनी मला कोपरानं ढोसलं. "आता तरी रड की लेका. राखून ठिवलाय म्हणतूस. का तो बी आंबला?"

"चिपाड वल्लं हाय मामा," मी म्हणालो. "उन्हात पसरायचंय." आणि गेलो. खरोखरच ओलं होतं.

त्या मोसमात तेवीस आधणं काढली, आणि त्यानंतरचे मोसमही तसेच चाललेत. दादांना बोलता येत नाही. उजवा हात मांडीवर असतो. लोक मला विचारतात की त्या दिवशी तुला काय वाटलं, आणि मी त्यांना काहीतरी भारी सांगतो, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून कमीजास्त करतो. इथं सांगायचं तर अजूनही फारसं काही वाटत नाही. मी बघतो. प्रत्येक आधणाला दोन-दोन तास बघतो. आधी लाळ पुसतो, मग जाळ लावतो. काही गोष्टी आता मला पाठ झाल्यात. भेंडीचं पाणी टाकताना त्यांची डावी भुवई उचलते, आम्ही जास्त टाकतो म्हणून असेल. मामा रस मागतात तेव्हा नाकपुडी हलते. उजवा डोळा नीट मिटत नाही, त्यामुळं धूर त्या बाजूला गेला की त्यातनं पाणी वाहायला लागतं आणि त्यांना ते पुसता येत नाही. म्हणून वारा फिरला की मी उठतो, खुर्ची फिरवतो आणि परत येऊन चिपाड सारतो.